पन्नास ग्रॅम

बाहिया ब्लांकाच्या रेल्वे यार्डामागे
आमची पावाची फॅक्टरी.
शंभर किलो मैद्याला दोन किलो मीठ.
एकोणीस वर्षं हा आकडा
माझ्या मनगटात होता, वहीत नव्हता.

एका मंगळवारी मालकीणबाई, ओफेलिया बेर्तिनात,
यांनी तिघांना वर बोलावलं:
मला, कणीक मळणाऱ्या किरोगाला, चव घेणाऱ्या नेलिदाला.
टेबलावर एक पितळी वजन, पन्नास ग्रॅमचं.
म्हणाल्या, एवढं कमी करायचं.
कायदा नाही, नोटीस नाही,
कुणा मंत्र्याचं पत्र नाही.
"मग कशाला?" किरोगाने विचारलं.
त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.
त्या वर्षी रात्रपाळीतले दोघे
अर्धं अंग लुळं पडून घरी बसले होते.
त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.
"आणि पाकिटावर छापायचं नाही," एवढंच.
मीठ कमी असं वाचलं
की जीभ चाखायच्या आधीच रुसते.

तेव्हापासून अख्ख्या फॅक्टरीने
मिठाची गुळणी धरली.

एक किलो नऊशे पन्नास.
कुणाला कळलं नाही.
चार महिन्यांनी एक किलो नऊशे.
नेलिदा डोळे मिटून तुकडा चघळायची,
पाणी प्यायची, पुन्हा चघळायची,
आणि खांदे उडवायची.
कळलं ते कणकेला.
मीठ उतरलं की ती सैलावते,
यीस्टला लगाम राहत नाही,
पाव साच्याबाहेर माना काढून बघतात.
किरोगा कोपरापर्यंतची चिकटी खरवडत
बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा,
मग पाण्यात बर्फ घालायचा.

एका जुलैत घाई झाली. एकदम दोनशे ग्रॅम.
ट्रक गेले तसेच भरलेले परत आले.
फोनवर एक म्हातारी ओरडली,
हा अळणी पाव आजाऱ्याला घाला, मी अजून धडधाकट आहे!
बाईंनी दीडशे परत टाकायला लावले.
म्हणाल्या, झोपलेलं पोर खांद्यावरून उतरवतात ना,
तसं उतरवायचं.

माझा भाऊ आन्सेल्मो खाऱ्या तळ्यावर कामाला.
उन्हाळ्यात तळं आटतं,
गुलाबी पाण्यावर पांढरी साय धरते,
तो ती यंत्राने खरवडतो.
त्याच्या बोटांच्या भेगांवर
मीठ चोळायला कुणी लागत नाही.
सहाव्या वर्षी, रविवारी, निखाऱ्यावर मांस उलटताना
सहज म्हणाला,
"तुमच्या गावाला हल्ली वर्षाला एक ट्रक कमी जातो.
कोण खात नाहीये?"
मी मनात गुणाकार केला.
रोजचे साठ किलो. हो, एक ट्रक.

त्या रात्री पाळीवर
मी मोजलेल्या मिठात एक मूठ जास्त टाकली.
खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतात,
पण कुठल्या? त्याने काढलेल्या,
की मी काढून ठेवलेल्या?
सकाळी नेलिदाने तुकडा तोंडात घातला
आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.
वहीत काही लिहिलं नाही.
दुसऱ्या रात्री मी मूठ उघडीच ठेवली.

आता एक किलो चारशे.
परवा नेउकेनला भाचीच्या लग्नात
हॉटेलचा पाव खाल्ला
आणि घाईघाईने ग्लास शोधला.
असाच होता आपला पाव एके काळी,
आणि त्याला आपण गोड म्हणायचो.

आन्सेल्मो दर रविवारी येतो.
ताटाशेजारी रक्तदाबाच्या गोळ्या मांडतो,
एक पांढरी, दोन पिवळ्या,
शेवटच्या तुकड्याने ताट पुसून म्हणतो,
"सगळं बदललं रे,
पाव तेवढा तुम्ही होता तसा ठेवलात."

मी मान हलवतो.
तोंडात तीच गुळणी,
आता तीही
जरा कमी खारट.